लिफ्टचा सहर्ष त्याग

राष्ट्रप्रमुख टीव्हीवर बोलायला लागले की शहाणासुद्धा बोलायला लागायचा. फरक एवढाच, की राष्ट्रप्रमुखांना मध्येच कोणी 'गप रे' म्हणत नसे.

शहाणा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे आणि तिथे ते सुखात आहे. लहानपणी डॉक्टर 'जीभ दाखव' म्हणाले, तर हा म्हणाला, 'आधी तुमची दाखवा.' तेव्हापासून आत्या त्याला शहाणा म्हणू लागली आणि बघता बघता अख्खी इमारत म्हणू लागली. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे त्या त्या दिवसावर असे. मोठा झाल्यावर तो मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटला. यंत्राबरोबर खोक्यात जे माहितीपत्रक येतं, ते तो लिहितो. 'कपडे अंगात असताना त्यांवर इस्त्री फिरवू नये' हे वाक्य त्याचं आहे. तुम्ही ते वाचलेलं नसणार. कोणीच वाचत नाही, आणि हे त्याला फार लागतं.

तर त्या संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर एकच चेहरा होता. मागे झेंडा, बाजूला कुंडी, आणि कुंडीतलं झाड इतकं टवटवीत, की ते खरं नसणार यावर आई आणि बाबांचं एकमत झालं. एरवी त्यांचं कशावरच होत नाही. भाषणाचा विषय होता त्याग. देश कठीण वळणावर उभा आहे, असं राष्ट्रप्रमुख म्हणाले. गेल्या भाषणातसुद्धा तो त्याच वळणावर उभा होता, बहुतेक तिथेच राहायला गेलाय, असं शहाणा म्हणाला. मग राष्ट्रप्रमुखांनी छातीवर हात ठेवून आवाहन केलं, की प्रत्येकाने आपल्या एका सोयीचा सहर्ष त्याग करावा. 'सहर्ष' या शब्दानंतर ते जरा थांबले. लोकांना हर्ष व्हायला वेळ नको का?

"सोडायला आधी सोय तर पाहिजे," शहाणा म्हणाला. "एखादी पाठवून द्या, वापरून बघतो आणि परत करतो."

आत्या फसकन हसली. म्हणाली, आपली लिफ्ट धर की त्यात. ती सोडून आपल्याला वर्ष होत आलं, आपण देशाच्या चार पावलं पुढेच आहोत.

आता या लिफ्टबद्दल आणि आत्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ या दोघींचाच आहे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती, त्यामुळे लोकांचं बोलणं मध्येच तोडायची तिला सवय. जीभ तल्लख, पत्त्यांचा हात त्याहून तल्लख, आणि गुडघे मात्र पार गेलेले. घर चौथ्या मजल्यावर. इमारतीची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. तिचा दोर झिजला म्हणून तपासणी कार्यालयाने तिला सील ठोकलं आणि त्या दिवसापासून आत्या वरच अडकली.

समोर रस्ता, रस्त्यापलीकडे एक चिमुकली बाग, बागेत एक बाक. त्या बाकावर आत्या आणि तिची भिडू रोज रमी खेळायच्या. ही भिडू पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर राहायची. तिला ऐकू येत नसे, त्यामुळे फोनचा उपयोग नाही, आणि हृदय नाजूक, त्यामुळे इथल्या जिन्याचं नावच नको. लिफ्ट बंद पडल्यापासून भिडू संध्याकाळी बाकावर येऊन बसायची, आत्या गॅलरीत उभी राहायची आणि दोघी हातवाऱ्यांनी तास-तास बोलायच्या. एकदा तर त्यांनी हातवाऱ्यांनी भांडणसुद्धा केलं. सगळी वाहतूक वर बघत होती.

पण आता दिवस थोडे राहिले होते. भिडूचा मुलगा महिनाअखेरीस तिला दूरच्या गावी कायमचं घेऊन जाणार होता. सुदैव असं, की इमारतीच्या सेक्रेटरीकाकांनी वर्षभर कार्यालयाचे उंबरठे झिजवल्यावर दुरुस्तीला मंजुरी मिळाली होती आणि मेकॅनिक येत्या आठवड्यात येणार होता. म्हणजे शेवटचे काही दिवस तरी दोघींना बाकावर बसायला मिळणार होते. भिडूने पत्त्यांचा नवा कॅट आणून ठेवला होता आणि तो रोज बाकावरून आत्याला दाखवत होती.

इतकं सगळं जुळून आलेलं असताना शहाण्याने गप्प बसायचं की नाही? पण आत्या हसली होती ना. कोणी हसलं की याच्या हातात पेन येतं. त्याने एक कोरा कागद घेतला आणि नोटिशीच्या झोकदार अक्षरात लिहिलं:

'राष्ट्रप्रमुखांच्या आवाहनाला मान देऊन या इमारतीतील समस्त रहिवाशांनी लिफ्ट या सोयीचा सहर्ष व कायमचा त्याग केला आहे. गुडघे ही दुय्यम बाब आहे.'

आत्याला वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला ती इतकी हसली की तिचा चष्मा मांडीवर पडला. शहाणा खाली गेला, कागद लिफ्टच्या दाराला चिकटवला आणि शीळ घालत वर आला. सकाळी अख्खी इमारत पोट धरून हसणार, अशी त्याची खात्री होती.

सकाळी तो ऑफिसला निघाला, तर लिफ्टपुढे गर्दी. हसण्याचा मात्र पत्ता नाही. सगळ्यात पुढे सेक्रेटरीकाका उभे, आणि त्यांचे डोळे भरून आलेले. काकांची सारी हयात पाणीखात्यात गेली. नोटीस म्हटली की ती खरीच असते, खोटी नोटीस हा प्रकार त्यांच्या कल्पनेच्याही बाहेरचा. अक्षर ओळखून त्यांनी शहाण्याला मिठी मारली आणि म्हणाले, आपल्या इमारतीत असं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं रे. बाजूला तळमजल्यावरचे टेलर उभे होते. या गृहस्थाने जन्मात कधी लिफ्टमध्ये पाय ठेवला नव्हता, कारण दुकान खाली आणि घर दुकानाच्या मागे. पण लिफ्ट सोडायला सगळ्यात उतावीळ तेच. आपण तर म्हणतो, जिनासुद्धा सोडावा, असं ते म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी अक्षर सुवाच्य असल्याचं सांगून कागदाला प्लॅस्टिकचं आवरण घालायची सूचना केली. एक दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तेवढे नाराज होते. त्यांचं म्हणणं, त्यागाला विरोध नाही, पण सभा न घेता परस्पर त्याग म्हणजे काय?

झालं. संध्याकाळी सभा बोलावली. ती अर्थातच तळमजल्यावर, टेलरच्या दुकानापुढे. म्हणजे ज्या एका माणसाला लिफ्ट खरोखर हवी होती, ते माणूस सभेला येऊच शकत नव्हतं. ठराव मांडला गेला आणि एकमताने पास झाला. एकमतात बाबाही होते. डॉक्टरांनी हात वर करताना कोपर लागलं म्हणून माझा हात वर गेला, असं ते नंतर घरी सांगत होते. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

सभेत शहाणा उभा राहिला होता. अहो, ती थट्टा होती, मी गंमत केली होती, असं त्याने सांगितलं. लोक कौतुकाने हसले. बघा, किती विनय आहे मुलाच्या अंगी, असं बाई म्हणाल्या. सेक्रेटरीकाकांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. नोटिशीच्या शेवटी सही नाही, नाव नाही, श्रेयसुद्धा नको आहे पोराला, असं ते गहिवरून म्हणाले. इथे शहाण्याचा खरा अपमान झाला. माणूस रागावला असता, मारायला धावला असता, तरी त्याला चाललं असतं. पण आपल्या टोमण्याला कोणी सुविचार समजावं, हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं.

पुढे मग कोणाच्या हातात काही राहिलं नाही. काकांनी नोटिशीचा फोटो काढून शहाण्याच्या नावासकट सगळीकडे धाडला. शहराच्या पेपरात 'गुडघे दुय्यम, देश प्रथम' या मथळ्याखाली बातमी आली, आणि फोटोत सर्वात पुढे लिफ्टकडे पाठ फिरवून करारी चेहऱ्याने उभे असलेले टेलर. शहाण्याच्या साहेबांनी कात्रण ऑफिसच्या भिंतीवर लावलं. इतकी वर्षं हा माणूस पंख्यांवर लिहितोय आणि आम्हाला पत्ता नाही, असं ते म्हणाले, आणि शहाण्याला नव्या मिक्सरच्या माहितीपत्रकात थोडं देशप्रेम घालायला सांगितलं. त्याने 'पाती धारदार आहेत' याच्यापुढे काय घालावं, यावर सबंध दिवस घालवला.

ज्या दिवशी मेकॅनिक यायचा, त्या दिवशी मेकॅनिक आला नाही. कार्यालयाचं पत्र आलं. आपल्या त्यागाबद्दल हार्दिक अभिनंदन, सबब दुरुस्तीचं प्रकरण बंद करण्यात येत आहे.

शहाणा ते पत्र घेऊन गॅलरीत गेला. त्याच्या तोंडाकडे बघूनच आत्याला कळलं. खाली बाकावर भिडू बसली होती, पत्ते पिसून वर दाखवत होती. आत्याने हात वर-खाली करून लिफ्ट दाखवली आणि मग दोन्ही हातांची फुली केली. भिडूला कळेना. आत्याने पुन्हा तेच केलं. मग भिडूने कॅट पिशवीत ठेवला.

"लिहिलं छान होतंस हो तू," आत्या म्हणाली. "मी हसले होते की."

शहाण्याला त्यापेक्षा चार शिव्या चालल्या असत्या. आपण मोठे टीकाकार, राष्ट्रप्रमुखांना टोचायला गेलो आणि सुई लागली कोणाला, तर आत्याला. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने आणि बाबांनी आत्याला खुर्चीत बसवून खाली न्यायचं ठरवलं. शेजाऱ्यांना कुणकुण लागायचा अवकाश, दर मजल्यावर एक तज्ज्ञ उगवला. कोणी म्हणे खुर्ची उलटी धरा, कोणी म्हणे तिरकी करा. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला आणि आत्या अधांतरी राहिली. डॉक्टर खालून वर बघत म्हणाले, असं अडकलं की आम्ही आधी हलवून सैल करतो. बाई म्हणाल्या, खुर्ची कापावी. आत्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, मी काय कपाट आहे? मुकाट्याने वर घ्या मला. वर घेताना बाबांच्या पाठीत उसण भरली. आता घरात खाली न उतरू शकणारी दोन माणसं झाली.

मग शहाण्याने ऑफिसातून सुट्टी काढली आणि तपासणी कार्यालय गाठलं. खिडकीवरच्या बाईंनी इमारतीचं नाव ऐकताच उठून अभिनंदन केलं. त्याग परत घ्यायचाय, असं हा म्हणाल्यावर त्या पुन्हा बसल्या. त्याग करायचा छापील अर्ज आलाय, पण परत घ्यायचा आलेला नाही, असं म्हणून त्यांनी त्याला आत साहेबांकडे धाडलं.

साहेबांच्या मागे भिंतीवर मोठा तक्ता होता आणि त्यावर एक लाल रेघ ऐटीत वर चढत गेलेली. विभागातल्या त्यागांचा आकडा वर गेला आहे, असं साहेबांनी समजावलं. वर गेलेला आकडा म्हणजे काही लिफ्ट नव्हे, पुन्हा खाली यायला. शहाण्याने शेवटचा उपाय म्हणून सगळं खरं सांगितलं. तो उपहास होता, टोमणा होता, आम्ही काही सोडलेलं नाही, सोडायला आमच्याकडे काही नव्हतंच.

साहेबांनी कात्रण काढून नोटीस दोनदा वाचली. "यात उपहास आहे असं कुठे लिहिलंय?"

"असं लिहायचं नसतं, साहेब."

"तुम्ही काम काय करता?"

शहाण्याने सांगितलं.

"मग इस्त्रीवर 'गरम असते, हात लावू नये' असं लिहिता की नाही? इस्त्री गरम असते हे लोकांना माहीत नसतं?"

शहाण्याचा सारा जन्म पंख्यांना आणि मिक्सरांना सावधानतेच्या सूचना लिहिण्यात गेला, आणि स्वतःच्या टोमण्याला तेवढी लावायची राहिली. तो उठला, तेव्हा साहेब आपुलकीने म्हणाले, अगदीच अडत असेल तर या त्यागाच्या जागी दुसरा मोठा त्याग द्या, बघू. नळ वगैरे आहे का?

तो हात हलवत घरी परतला, तर जिन्यात सेक्रेटरीकाका आनंदाने नाचायचे बाकी होते. खुद्द उपमंत्री इमारतीचा सत्कार करायला येणार होते. टीव्हीवाले येणार होते. लिफ्टच्या दारापाशी संगमरवरी पाटी बसणार होती आणि तिच्यावर नोटिशीचा मजकूर कोरायला टाकलासुद्धा होता. काकांनी कार्यक्रमाचा बेत सांगितला. मांडव खाली, टेलरच्या दुकानापुढे. उपमंत्री मोटारीतून उतरतील, पाच पावलं चालतील, फीत कापतील, निघतील.

शहाण्याने उपमंत्र्यांना टीव्हीवर पाहिलं होतं. चांगला भारदस्त माणूस, खुर्चीतून उठायलाच त्यांना दोघेजण लागत. आणि इथे, अंगात आलेल्या थकव्यासकट, शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने चेहरा शक्य तितका गंभीर केला. खरं तर आता त्याला त्याची सवय होत चालली होती.

"काका," तो म्हणाला, "चौथ्या मजल्यापर्यंतच्या लोकांनी त्याग केला आणि सत्कार तळमजल्यावर? हा समारंभ गच्चीवरच शोभेल."

काकांचे डोळे पुन्हा भरून आले. गच्ची. मागे सगळं शहर, वर मोकळं आभाळ. पोरा, तुझ्या डोक्यात येतं तरी कुठून हे, असं ते म्हणाले. टीव्हीवाल्यांनाही गच्ची पसंत पडली आणि तशी जाहिरातसुद्धा सुरू झाली. त्यानंतर उपमंत्र्यांचे सहायक जागा बघायला आले. सडसडीत, टापटीप माणूस. जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे राहून त्यांनी वर पाहिलं, आणखी वर पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. साहेब जिने चढत नाहीत, असं ते हळूच म्हणाले. लिफ्ट कुठेय?

काकांनी अभिमानाने लिफ्टच्या दारावरच्या नोटिशीकडे बोट दाखवलं.

सहायक बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलले. आणि काय सांगू, वर्षभर जी लिफ्ट अर्जांना, विनंत्यांना आणि स्मरणपत्रांना बधली नव्हती, तिच्यासाठी दुसऱ्या दिवशी पहाट होते न होते तोच मेकॅनिकांची फौज हजर झाली. नवा दोर आला, नवी बटणं आली, आत एक आरसासुद्धा लागला. जो साहेब नळ मागत होता, तोच हातात कंदील धरून लिफ्टच्या खड्ड्यात उतरला. सगळं गुपचूप. लिफ्टचा त्याग केल्याबद्दलच्या सत्कारासाठी लिफ्ट दुरुस्त केली, हे कागदावर यायचं नव्हतं. समारंभ संपताच साहेब तिला पुन्हा सील ठोकणार होते.

समारंभाच्या दिवशी आत्या सकाळपासून ठेवणीतले कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. शहाण्याने तिला बेत सांगितला होता. उपमंत्री आले. कॅमेरे आधीच गच्चीवर पाठवलेले. उपमंत्री लिफ्टने भुर्रकन वर गेले आणि गच्चीच्या दाराशी उभे राहून, जिना चढून आल्यासारखा रुमालाने घाम पुसत बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी बोलायला सुरुवात केली, की देश एका कठीण वळणावर उभा आहे.

इमारत रिकामी होती, सगळे वर. शहाण्याने लिफ्ट चौथ्यावर बोलावली आणि जाळी सरकवली. आत्या आत शिरली, आरशात बघून केस सारखे केले आणि त्याचा हात घट्ट धरला. दुसरा मजला जाईपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत. खाली पोचल्यावर म्हणाली, दार उघडंच ठेव रे, कोणी वर नेली तर मी परत कशी जाऊ? जाळी उघडी असली की ही लिफ्ट जागची हलत नाही. शहाण्याने खिशात हात घातला, तर इस्त्रीचं माहितीपत्रक सापडलं. त्याची घडी करून त्याने जाळीच्या खाचेत ठोकली. ते कोणाच्या उपयोगी पडल्याची ही पहिलीच वेळ.

भिडू बाकावर होती. तिने मान वर करून आत्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. आत्या काठी टेकत, शहाण्याच्या आधाराने रस्ता ओलांडून आली आणि शेजारी बसली. दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या बसल्या. मग आत्या म्हणाली, पिस. आणि भिडूने ओठ वाचून पत्ते पिसले. शहाण्याने नाक शिंकरायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

इकडे वर भाषण संपलं होतं. सहायकांनी लिफ्टचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. उपमंत्री निघायला उभे, कॅमेरे रोखलेले, आणि लिफ्ट काही येईना. सहायकांनी काकांकडे पाहिलं. काका भाबडेपणाने माइकवरच बोलले, अहो, त्यागाच्या इमारतीत लिफ्ट कशाला, साहेब आमच्यासारखे जिन्यानेच उतरतील. टाळ्यांचा कडकडाट झाला. आता काय करता? उपमंत्री उतरू लागले. प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबावं लागे, आणि दम दिसू नये म्हणून ते बरोबर उतरणाऱ्या रहिवाशांची विचारपूस करत. टीव्हीवाले सांगत होते, की इतका लोकांत मिसळणारा नेता पाहिला नाही. डॉक्टरांच्या दाराशी तर ते इतका वेळ टेकले, की डॉक्टरांनी त्यांची एक दाढ बघूनही घेतली.

अखेर ते रस्त्यावर आले. समोर बाकावर दोन म्हाताऱ्या बायका पत्ते खेळताना दिसल्या. हा फोटो चांगला येईल, असं सहायकांना वाटलं. उपमंत्री कॅमेऱ्यांसकट तिकडे वळले आणि हात पुढे केला. आत्याने पत्त्यांवरची नजर न काढता, थांबा, डाव चालू आहे, असं सांगितलं. ते थांबले. डाव संपल्यावर त्यांनी विचारलं, की आजी, तुम्ही राहता कुठे? आत्याने चौथ्या मजल्याकडे बोट दाखवलं.

"आणि या वयात खाली कशा आलात?"

आत्याने हात पुसले, कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"गुडघे ही दुय्यम बाब आहे," ती म्हणाली.

उपमंत्र्यांनी मान झुकवली. टीव्हीवाल्या मुलीने डोळे टिपले. शहाणा बाकामागे उभा राहून स्वतःच्या हाताचा चावा घेत होता.

मोटारी गेल्यावर तपासणी कार्यालयाचे साहेब सील घेऊन आले. पण सील ठोकायचं तर लिफ्ट दुरुस्त झाल्याची नोंद हवी, आणि ती दुरुस्त झालेलीच नव्हती, त्याग केलेली लिफ्ट दुरुस्त होईल कशी? शिवाय आधीचं सील अजून कागदोपत्री शाबूत होतं. साहेब दाराशी बराच वेळ विचार करत उभे राहिले. मग सील खिशात टाकलं आणि विचारलं, एकदा वर जाऊन येऊ का? वर जाऊन आले, आरशात भांग पाडला आणि निघून गेले. तेव्हापासून लिफ्ट चालू आहे. पाटीही तिथेच आहे. लोक पाटी वाचतात, क्षणभर गंभीर होतात आणि लिफ्टमध्ये शिरतात. टेलरसुद्धा आता कारण नसताना वर-खाली करतात.

दोघींचे उरलेले दिवस बाकावर गेले. भिडूला नेणारी गाडी सकाळी येणार, त्या आदल्या संध्याकाळी राष्ट्रप्रमुखांचं पुन्हा भाषण होतं. भिडू पहिल्यांदाच आत्याचं घर बघायला वर येणार होती. शहाणा तिला आणायला खाली गेला. लिफ्टपाशी ती पाटी वाचायला थांबली. शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. आणि मग ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला आणि टेलरने धावत स्टूल आणलं. गुडघ्यांवर बोट ठेवून ती पुन्हा पुन्हा हसत होती. "हे कोणी लिहिलं?" तिने डोळे पुसत विचारलं. शहाण्याने हात वर केला. तिने त्याचा गालगुच्चा घेतला. मंत्री झाले, पेपर झाले, ऑफिसची भिंत झाली, पण शहाण्याला त्याचा वाचक भेटला तो त्या दिवशी, तिथे, लिफ्टपाशी.

वर सगळे टीव्हीपुढे बसले. झेंडा, कुंडी, तोच टवटवीतपणा. राष्ट्रप्रमुख म्हणाले, की एका इमारतीतली एक वृद्ध माता रोज चार मजले हसत हसत चढते, उतरते, आणि तिला साऱ्या देशाच्या वतीने वंदन. आईने चहाचा कप तोंडापाशीच धरून ठेवला. काय चाललंय, असं भिडूने खुणेने विचारलं. आत्याने दोन बोटं आपल्याच गुडघ्यावरून टुणटुण वर चढवली, मग स्वतःच्या छातीला हात लावला. भिडूला पुन्हा हसू फुटलं.

राष्ट्रप्रमुख पुढे म्हणाले, की आता यापुढचं आवाहन. प्रत्येक नागरिकाने रोज थोडा वेळ मौन पाळावं. सहर्ष.

खोलीत सगळ्यांनी शहाण्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बाबांनी उसण विसरून खिडकी लावून घेतली. आत्या पुढे झुकली, तिने त्याच्या खिशातलं पेन काढून आपल्या पर्समध्ये टाकलं आणि पर्सचं बटण लावलं. शेजारी भिडू त्याच्या ओठांवर डोळे लावून वाट बघत होती.

"हं, आता बोल," आत्या म्हणाली. "काय वाट्टेल ते बोल. तिला दिसेल असं, सावकाश बोल. फक्त लिहू नकोस."